दिवाळीआधी घरात असावा असा झडपेचा स्पेसर

गणपती उठले की दम्याच्या पेशंटचे कठीण दिवस सुरू होतात. माळरानावर गाजर गवत फुललेलं असतं, भिंतींची ओल अजून सुकलेली नसते, माळ्यावरच्या गोधड्या खाली उतरतात, दिवाळीची झाडलोट निघते आणि पहाटेचा गारवा वाढतो. याच दिवसांत 'पंप (इनहेलर) लागू पडत नाही' ही तक्रार हमखास ऐकू येते. बऱ्याचदा औषध बरोबर असतं, पण ते घशातच राहतं. त्यावर काही शे रुपयांत मिळणारा झडपेचा स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची झडप असलेली नळी, हा फार चांगला उपाय आहे.

पंपातला फवारा जोरात निघतो. दाबणं आणि श्वास ओढणं जुळलं नाही की औषध जिभेवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतं. स्पेसरच्या नळीत हा जोर ओसरतो, मोठे थेंब तिथेच अडकतात आणि बारीक कण फुप्फुसांपर्यंत जातात. श्वास घेताना झडप उघडते, सोडताना मिटते, त्यामुळे उच्छ्वासाने नळीतलं औषध उडून जात नाही. स्टिरॉइडच्या पंपाने तोंडात पांढरे चट्टे येणं, आवाज बसणं हे त्रासही कमी होतात. तरी चूळ भरून थुंकायची सवय सोडू नये.

घेताना आपला पंप दुकानात न्यावा. काही स्पेसरचं मागचं रबर कुठल्याही पंपावर बसतं, काहींचं तोंड ठरावीक आकाराचंच असतं. नळी पारदर्शक असावी, म्हणजे झडप हलताना दिसते. दोन भागांचा स्पेसर पिशवीत सहज मावतो, पण त्याचा सांधा सैल झाला की तिथून औषध निसटतं. घट्ट बसणाराच घ्या. साधारण चार वर्षांखालच्या मुलांना मास्क लागतो. तो नाक-तोंडावर चहूबाजूंनी टेकला पाहिजे. गालाशी थोडी फट राहिली तरी बरंचसं औषध वाया जातं.

वापरायची पद्धत अशी: पंप चांगला हलवा, स्पेसरला लावा, श्वास पूर्ण सोडा, नळीच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटा, एकदाच दाबा आणि लगेच सावकाश, खोल श्वास घ्या. दहापर्यंत आकडे मोजत श्वास रोखा. ते जमत नसेल तर नेहमीसारखे पाच-सहा श्वास नळीतूनच घ्या. दुसरा पफ (फवारा) अर्ध्या ते एका मिनिटाने, पंप पुन्हा हलवून. घाईत दोन पफ एकदम मारले की कण एकमेकांना चिकटतात, नळीला लागतात आणि डोस वाढायच्या ऐवजी घटतो. दाबून रेंगाळलं तरी तेच होतं.

खरी गफलत धुण्यात होते. साध्या प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि औषधाचे कण आतल्या बाजूला खेचले जातात. कोरा स्पेसर कपड्याने पुसला तर ती वीज आणखी वाढते. म्हणून नवा आणल्यावर, आणि नंतर महिन्यातून एकदा, भाग सुटे करून कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे थेंब टाकून बुडवून ठेवा. घासू नका. आतून साध्या पाण्याने विसळू नका, साबणाचा पातळ थर राहू द्या. तोंडात धरायचा भाग मात्र स्वच्छ धुवा. मग उभा करून वाऱ्यावर वाळू द्या. अँटीस्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज न साठणारा, स्पेसर असेल तर सोबतच्या कागदावर लिहिलंय तसं करा.

रोटाकॅपच्या (श्वासाने ओढायच्या कॅप्सूलच्या) कोरड्या पावडरीला स्पेसर चालत नाही. आणि फटाक्यांच्या धुरापुढे त्याचा आधार धरू नये. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने मोजलं तेव्हा सर्वांत जास्त सूक्ष्म कण सापाच्या गोळीतून निघाले होते, आणि ती तर लहान मुलं वाकून, अगदी जवळून पेटवतात! रोजचा प्रतिबंधक पंप बरं वाटतंय म्हणून बंद करू नये. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून डॉक्टरांना सीझनआधीच भेटावं. एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा आराम देणाऱ्या पंपाचा गुण चार तासही टिकत नसेल, तर थेट हॉस्पिटल गाठावं.

झडप ताठरली, वाकली किंवा नीट मिटेनाशी झाली की स्पेसर बदला. रोजच्या वापरात ही वेळ सहा महिने ते वर्षभरात येते, म्हणून विकत घेतल्याची तारीख नळीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.