34 च्या बोअरमध्ये 44 चा पिस्टन

पालापाचोळा उडवायचा माझा पेट्रोल ब्लोअर दहा मिनिटं झकास चालायचा आणि मग धाप लागल्यासारखा घरघरत बंद पडायचा. थोडा वेळ तसाच ठेवला की परत सुरू. तक्रार एवढीच. पण दुरुस्तीवाल्यापुढे उभं राहिल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "इंजिनचं काही काम निघालंय का हो?" झालं, त्याला आयतं कोलीत मिळालं.

त्याने दोन वेळा दोरी ओढली, मान हलवली. "बोअर-पिस्टन करावं लागेल. मिक्सिंगमध्ये ऑइल कमी टाकता तुम्ही." मी गप्प. माझ्या मशीनला पेट्रोल आणि ऑइलचं 50:1 मिश्रण लागतं, म्हणजे लिटरभर पेट्रोलमागे 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल, आणि मी ते एकदोनदा अंदाजाने ओतलं होतं. चोराच्या मनात चांदणं.

चार दिवसांनी गेलो तर काउंटरवर उभे ओरखडे पडलेला एक पिस्टन ठेवलेला, शेजारी माझा जुना स्पार्क प्लग. "हा बघा तुमचा." मी फोटो काढला. पुरावा वगैरे काही डोक्यात नव्हतं, घरी दाखवायला म्हणून. त्याने मशीन सुरू केली, दोन मिनिटं फुल रेस दिली. मी खूश. बिल नव्या मशीनच्या अर्ध्या किमतीला टेकलेलं, तेही मुकाट्याने भरलं.

घरी अकराव्या मिनिटाला तीच घरघर.

या वेळी धावत गेलो नाही. बंद पडता पडता टाकीचं झाकण सैल करून पाहिलं. स्सस्स करून हवा आत ओढली गेली आणि इंजिनने परत सूर धरला! टाकीतलं पेट्रोल कमी होत जातं तशी बाहेरची हवा आत यावी लागते. माझ्या मशीनमध्ये त्यासाठी झाकणातच वाटाण्याएवढा रबरी व्हॉल्व्ह आहे. काहींमध्ये तो टाकीच्या वेगळ्या नळीला असतो. धूळ आणि तेल बसून तो चिकटला की टाकीत हवेचा दाब उतरतो आणि कार्बोरेटरला पेट्रोल ओढवत नाही. बंद ठेवल्यावर हवा कुठून ना कुठून झिरपते, म्हणून मशीन परत चालते. दोन मिनिटांच्या चाचणीत हा दोष दिसणं शक्यच नाही. तुम्ही दुकानात मशीन घ्यायला जाल तेव्हा, ज्या वेळेला ती घरी बंद पडत होती त्याच्या पुढे पाच मिनिटं तरी ती समोर चालवून घ्या. तो कितीही घाईत असला तरी.

मग पिस्टनचं काय? प्लग काढला, भोकातून टॉर्च मारला. पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा जाड काळा थर. नवा पिस्टन दहा-अकरा मिनिटांत इतका काळा होत नाही. सायलेन्सर उतरवला; त्याचं गॅस्केट इतकं जुनं आणि भाजलेलं की निघताना तुकडे झाले. धूर बाहेर पडतो त्या खिडकीतून दोरी हळूहळू ओढत पाहिलं: पिस्टनची बाजू गुळगुळीत, रिंग जागच्या जागी. सिलेंडरच्या पंखांमधली तेलकट धूळही जशीच्या तशी. इंजिन खोललंच नव्हतं.

मॅन्युअल काढलं. 25.4 सीसी, बोअर म्हणजे सिलेंडरची आतली रुंदी 34 मिमी. आता तो फोटो कामाला आला. माझ्या प्लगचा षटकोन 19 मिमीचा, पान्यावर आकडाच आहे. फोटोतला पिस्टन त्याच्या सव्वादोन पटींहून जास्त रुंद, म्हणजे 44 च्या आसपास. बहुधा कुठल्या तरी मोठ्या चेन सॉचा. तो माझ्या सिलेंडरात शिरलाच नसता.

खरं तर दुकानात जायच्या आधीच मला थोडंफार कळू शकलं असतं. प्लगची टोपी काढून ठेवायची, थंड मशीन स्टार्टरच्या दोरीच्या मुठीला धरून अलगद लोंबकळू द्यायची. कंप्रेशन, म्हणजे सिलेंडरात हवा दाबली जाणं, चांगलं असेल तर ती टप्प्याटप्प्याने, अडखळत खाली येते. सरसर उतरली तरच इंजिनची शंका घ्यायची. रेस देताना दम तोडत असेल आणि अर्धा चोक (हवा कमी करणारा खटका) ओढल्यावर सुधारत असेल, तर पेट्रोल कमी पोचतंय; टाकीतला फिल्टर, नळी, कार्बोरेटर, या क्रमाने बघायचं. आणि दुकानात फक्त लक्षण सांगायचं. रोगाचं नाव आपण घ्यायचं नाही. एखादा भाग बदलायचा ठरलाच, तर मशीन देण्याआधी शक्य असेल तर त्यावर रंगाचा ठिपका देऊन ठेवा, म्हणजे दाखवलेला जुना भाग आपलाच का ते कळतं. पिस्टनवर देता येत नाही, हे मान्य.

मी परत गेलो. आधी म्हणाला, "तुमच्या ऑइलमुळे कार्बन लगेच धरतो." मग मी फोटो आणि मॅन्युअलचं पान शेजारी शेजारी ठेवलं. त्याने फोटो मोठा करून पाहिला, काही न बोलता गल्ला उघडला. मोजल्यावर पैसे कमी निघाले.

"हे कशाचे कापले?"

"नवा प्लग घातलाय ना."

तो मात्र खरंच नवा होता.