पहिले शिवणयंत्र कोणते घ्यावे : काळे पायमशीन की विजेवरचे झिगझॅग?

शिवण शिकायचे ठरवून दुकानात गेलेल्या माणसापुढे विक्रेता बहुधा दोन यंत्रे ठेवतो. पहिले म्हणजे लाकडी फळीवर बसवलेले, ओतीव लोखंडाचे, काळ्या रंगावर सोनेरी वेलबुट्टी असलेले पायमशीन, जे आपल्याकडे आई-आजीच्या पिढीपासून घराघरांत दिसते. दुसरे म्हणजे टेबलावर ठेवून वापरायचे, प्लॅस्टिकच्या आवरणातले, विजेवर चालणारे आणि सरळ टिपेबरोबर झिगझॅग म्हणजे नागमोडी टाकाही घालणारे मशीन. दोन्हींवर उत्तम शिवण शिकता येते आणि दोन्हींवर शिकून पोट भरणारी माणसे आहेत. तरीही दोन्हींपैकी कोणतेही घेतले तरी चालेल, असे मला वाटत नाही. पहिल्या वर्षात आपण नेमके काय शिवणार आणि मशीन अडले तर ते कोणाकडे नेणार, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी काढली, तर निवड बऱ्यापैकी आपोआप होते; दुकानातल्या पुठ्ठ्यावर छापलेल्या टाक्यांच्या संख्येवरून ती करू नये.

शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सर्वांत जास्त छळतो तो वेग, म्हणून तुलनेची सुरुवात तिथूनच करणे योग्य. पायमशीनवर उजव्या हाताने हातचाक आपल्याकडे फिरवून गती द्यावी लागते आणि ती गती मग पायाने पुढे न्यावी लागते. पायडलावर एक पाऊल किंचित पुढे आणि दुसरे किंचित मागे ठेवून टाच व चवडा आळीपाळीने दाबण्याची ही लय एकदम येत नाही. पाय चुकला की चाक उलटे फिरते आणि वरचा दोरा तुटतो किंवा खाली शटलमध्ये, म्हणजे खालचा दोरा बसतो त्या भागात, त्याचा गुंता होतो. शिवणवर्गात नव्या मुलीला पहिले काही दिवस दोरा न ओवता नुसते पायडल मारायला बसवतात, त्याचे कारण हेच. त्यानंतर वहीचे रेघी पान सुईखाली धरून रेघेवर टोचत जायचे असते. भोकांची रांग रेघेवर पडू लागली की सरळ टीप जमली असे समजावे, मग चौकोन आणि शेवटी वर्तुळे घ्यावीत. या सरावासाठी जुनी सुई लावावी, कारण कागदावर सुईचे टोक बोथट होते आणि तीच सुई पुढे कापडात धागे ओढते.

विजेच्या मशीनवर हा टप्पा जवळजवळ नसतोच. पायाखालचे पेडल दाबले की मशीन चालते, पाय उचलला की थांबते, आणि दोन्ही हात सुरुवातीपासून कापडावर राहतात. मात्र त्याची वेगळी अडचण आहे. घरगुती विजेचे मशीन मिनिटाला काही शे टाके घालते आणि घाबरलेला पाय नेमका जोरात दाबला जातो. अशा वेळी कापड हातातून पळते आणि टीप वाकडी जाते. टाच जमिनीवर टेकवून फक्त चवड्याने पेडल दाबण्याची सवय लावली तर ही भीती लवकर जाते. तरीही गळ्याच्या गोलाईवर किंवा बाही मुंढ्याला, म्हणजे खांद्याखालच्या गोलाईला, जोडताना एकेक टाका मोजून घालायचा असेल, तेव्हा पायमशीनवर शिकलेल्या हाताला अधिक ताबा असतो, हे मान्य करावे लागेल. लय बसेपर्यंत पायमशीन त्रास देते, पण ती एकदा बसली की मंद गतीने शिवण्यासाठी त्याच्याइतके आज्ञाधारक यंत्र दुसरे नाही.

टाका बांधण्याचे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. सुईबरोबर वरचा दोरा खाली जातो, बॉबिनमधला, म्हणजे खालच्या छोट्या रिळावरचा, दोरा त्यात अडकतो आणि कापडाच्या मध्यावर दोघांची गाठ पडते. आयझॅक सिंगर यांनी 1851 साली पेटंट घेतलेल्या यंत्रापासून घरगुती शिवणयंत्राचा हा गाभा फारसा बदललेला नाही. (यंत्रांविषयी कठोर बोलणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली सिंगरच्या शिवणयंत्राला आपल्या मतातला अपवाद मानले होते.) फरक आहे तो सुईच्या हालचालीत. काळ्या मशीनची सुई फक्त वर-खाली होते. झिगझॅग मशीनची सुई डावी-उजवीकडेही सरकते. ऐकायला किरकोळ वाटणाऱ्या या फरकातून तीन ठळक परिणाम निघतात.

पहिला परिणाम कडांचा आहे. कापलेल्या कापडाची कड धुण्यात उसवत जाते, म्हणून ती बांधावी लागते. झिगझॅग टाक्याने हे काम घरच्या घरी होते. त्याला इंटरलॉकची, म्हणजे कडा बांधणाऱ्या वेगळ्या मशीनची, सफाई नसली तरी घरगुती वापराला ते पुरते. काळ्या मशीनवर कड दुमडून दुहेरी टीप मारणे किंवा शिवलेला कपडा इंटरलॉकवाल्याकडे देणे, असे दोनच मार्ग उरतात. दुसरा परिणाम काजांचा, म्हणजे बटणाच्या घरांचा. शर्ट, कुर्ता किंवा उशीच्या अभ्र्याला बटणे लावायची तर झिगझॅग मशीन काज करून देते, आणि साध्या यांत्रिक मशीनवर ते चार टप्प्यांत, मशीनवरचे टाका निवडण्याचे बटण हाताने फिरवत करायचे असते. काळे मशीन असेल तर काज हाताने भरावे लागते किंवा काज-बटणाच्या दुकानात द्यावे लागते. तिसरा परिणाम ताणल्या जाणाऱ्या कापडाचा, आणि माझ्या मते आजच्या घरात तोच सर्वांत महत्त्वाचा. टी-शर्ट, लेगिंग, लहान मुलांचे होजिअरीचे कपडे यांवर सरळ टीप मारली की कपडा अंगात घालताना दोरा तडातड तुटतो, कारण कापड ताणते आणि टीप ताणत नाही. बारीक झिगझॅग टाका कापडाबरोबर ताणला जातो. त्यासाठी गोल टोकाची सुई वेगळी घ्यावी लागते, परंतु काम घरात होते. काळ्या मशीनवर या कापडाच्या वाटेला न गेलेलेच बरे.

याउलट जाड कापडावर पारडे फिरते. जीन्सची खालची दुमड, कॅनव्हासची पिशवी, जुन्या साड्यांचे थर घालून केलेली गोधडी, अशा ठिकाणी काळ्या मशीनचे ओतीव अंग स्थिर राहते आणि सुई थरांतून सरळ उतरते. झिगझॅग मशीनवर 100 क्रमांकाची जाड सुई लावून, सांध्यांच्या गाठीवर हातचाक फिरवत, सावकाश गेले तर जीन्सची दुमड होते. रोज गोधड्या शिवण्याइतका भार मात्र त्याच्यावर टाकू नये. साडीला फॉल लावणारे बहुतेक जण खालची कड मशीनने आणि वरची हाताने घालतात, त्यामुळे तेथे दोन्ही मशीने सारखीच. साडीची कड बारीक बांधण्याच्या कामाचे, म्हणजे पिकोचे, वेगळे मशीन असते, ते काम दोन्हींवर मनासारखे होत नाही.

निगा आणि दुरुस्ती या बाबतीत मी काळ्या मशीनच्या बाजूने आहे. त्याचे सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळतात, ते उघडून बसवणारा माणूस जवळपास प्रत्येक गावाच्या टप्प्यात असतो, आणि थोडे लक्ष दिले तर निम्म्या तक्रारी घरीच सुटतात. नियमाने तेलाच्या भोकांत मशीनचे तेल थेंब थेंब सोडावे. घरात आहे म्हणून खोबरेल किंवा गोडेतेल घालू नये, कारण ते सुकून चिकट होते आणि मशीन जड चालू लागते. पायडलाचा चामड्याचा पट्टा सैल पडला की तो थोडा कापून तारेच्या हुकाने पुन्हा जोडता येतो. झिगझॅग मशीनमध्ये बॉबिनखाली साठलेला लव ब्रशने काढणे एवढेच काम आपले. त्यापलीकडचे सारे कंपनीच्या सेवा केंद्राचे. मोठ्या शहरात ही अडचण नाही. आडगावात राहणाऱ्याने मात्र जवळचे सेवा केंद्र कुठे आहे, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. शिवाय काही झिगझॅग मशीनमध्ये वरून बसणारी प्लॅस्टिकची बॉबिन असते. घरातल्या जुन्या मशीनची धातूची बॉबिन दिसायला तेवढीच असली, तरी त्यात घालू नये. ताण बिघडतो आणि दोष मशीनला दिला जातो.

दोन्ही मशीनांवर नवशिक्याची एक तक्रार हमखास सारखी असते, ती इथेच सांगून टाकतो. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची भली मोठी वेटोळी येतात आणि शिकणारा बॉबिन काढत-घालत बसतो. चूक बहुधा वर असते. कापड दाबून धरणारा मशीनचा पाय (दाबाचा पाय) खाली असताना दोरा ओवला, तर ताणाच्या दोन चकत्या घट्ट मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मध्ये न बसता वरूनच जातो आणि वरचा ताण शून्य होतो. दाबाचा पाय वर उचलावा, दोरा पहिल्यापासून पुन्हा ओवावा, मग तो पाय खाली टाकावा. मशीन दुरुस्तीला नेण्यापूर्वी एवढे करून पाहावे.

जागा, वीज आणि शरीर यांचाही हिशेब करायला हवा. पायमशीनचे नुसते डोके दहा-बारा किलोंचे असते, त्याखाली लोखंडी स्टँड आणि फळी येते, म्हणजे त्याला घरात कायमची जागा द्यावी लागते. खिडकीजवळ दिली तर उत्तम. झिगझॅग मशीन त्याच्या निम्म्या वजनाचे असते आणि काम झाले की कपाटात जाते. दोन खोल्यांच्या घरात हा एकच मुद्दा निर्णायक ठरू शकतो. दुसरीकडे, जिथे विजेचा भरवसा नाही तिथे पायमशीन दिवसाउजेडी कधीही चालते. गुडघेदुखी असलेल्या माणसाला तासन्‌तास पायडल मारणे जमत नाही, हे घरातले इतर लोक विसरतात. परदेशातल्या नातलगांकडून मशीन आणवणाऱ्यांनीही सावध असावे: अमेरिकेतले मशीन 120 व्होल्टचे असते आणि आपल्याकडच्या 230 व्होल्टच्या प्लगला ते थेट लावले तर मोटर जळते. इथून तिकडे नेलेले मशीनही योग्य परिवर्तकाशिवाय नीट चालत नाही.

या दोहोंच्या मध्ये एक मार्ग आहे आणि दुकानदार तो स्वतःहून क्वचितच सुचवतो. काळ्या मशीनला बाहेरून छोटी मोटर आणि पायाचे पेडल बसवून मिळते. पट्टा बदलून वीज गेल्यावर पुन्हा पायाने चालवता येईल अशी जोडणी मागावी. झिगझॅगची सोय यामुळे येत नाही, पण गुडघे वाचतात आणि घरातले जुने मशीन वापरात येते. ज्यांच्या घरी सासूबाईंचे किंवा आईचे मशीन माळ्यावर पडून आहे, त्यांनी नवे घेण्याचा विचार करण्यापूर्वी ते खाली काढून, साफ करून, तेल-पाणी करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ओतीव लोखंडाचे जुने यंत्र गंजून जाम झालेले नसेल, तर ते बहुधा चालते होते.

बाजारात हातात धरून स्टेपलरसारखे चालवायचे छोटे मशीनही मिळते. ते या तुलनेत बसत नाही. त्यात एकच दोरा असतो आणि त्याचा साखळी टाका शेवटच्या टोकाला ओढला की सरसर उसवतो.

शिकणार कुठे, यावरही मशीन ठरते. गल्लीतल्या शिवणवर्गात अजूनही बहुतेक काळी मशीनेच असतात, आणि वर्गात जे चालवले तेच घरी असेल तर सराव लवकर मुरतो. यूट्यूबवर पाहून घरीच शिकणाऱ्याला विजेचे मशीन सोपे जाते, कारण पायडलाची लय चित्रफितीतून कळत नाही. शेजारी बसून कोणीतरी चाकावर हात ठेवावा लागतो. व्यवसाय म्हणून बघणाऱ्यांसाठी आयटीआयमध्ये सोइंग टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि त्याला आठवी उत्तीर्ण असणे पुरते. त्या वाटेने जाणाऱ्याने पुढे कारखान्यात, ज्याला सगळे एका कंपनीच्या नावावरून सरसकट ‘जुकी’ म्हणतात, त्या वेगवान मशीनवर बसायचे असते, तेव्हा घरी महागडे झिगझॅग घेण्याची घाई करू नये. 2023 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे आणि अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य मिळते, परंतु ती योजना आधीपासून हे काम करणाऱ्या कारागिरांसाठी आहे. नुसते शिकायचे असलेल्याने तिच्या भरवशावर खरेदी लांबवू नये.

आता निवड. शहरातल्या छोट्या घरात राहून मुलांचे कपडे, कुर्ते, पडदे, अभ्रे शिवायचे आहेत आणि होजिअरीचे कापड हाताळायचे आहे, अशा व्यक्तीने साधे यांत्रिक झिगझॅग मशीन घ्यावे. त्यात सरळ टाका, झिगझॅग, काज आणि बाही किंवा पायचा ओवता येईल असा मोकळा हात एवढे असले की पुरे. पन्नास-साठ शोभेच्या टाक्यांसाठी जास्त पैसे मोजू नयेत, ते टाके पहिल्या उत्साहानंतर कोणी वापरत नाही. ब्लाउज आणि परकर शिवून चार पैसे मिळवायचे आहेत, वर्ग लावला आहे, जागा आहे किंवा विजेचा भरवसा नाही, त्यांनी काळे मशीन घ्यावे, शक्य असल्यास मोटर जोडून. साधे काळे मशीन स्टँडसह घेतले तरी झिगझॅगपेक्षा सहसा कमी पैशांत येते. उरलेल्या पैशांत चांगली मोठी कात्री, मापाची टेप, कापडावरचा खडू आणि सरावासाठी मांजरपाट, म्हणजे जाडेभरडे सुती कापड, घ्यावे. कात्री फक्त कापडासाठी ठेवावी. बेतताना कापड उभ्या धाग्यावर सरळ लावणे हे कोणतेही मशीन शिकवत नाही, आणि ब्लाउजची बाही फिरते ती बहुतेक वेळा तिथे चुकल्यामुळे.

दुकानात जाताना घरून तीन तुकडे न्यावेत: पातळ रुबियाचा, पॉपलीनचा आणि जुन्या जीन्सचा. विक्रेत्याने आधीच ओवून ठेवलेल्या मशीनवर त्याच्या कडक कापडाच्या पट्टीवर टीप सुंदरच येते. तेव्हा दोरा काढून टाकून स्वतः पुन्हा ओवावा, बॉबिन स्वतः भरावी, मग तिन्ही तुकड्यांवर टीप मारून तुकडा उलटा करून पाहावा. वरची आणि खालची टीप सारखी दिसली पाहिजे. जीन्सचा तुकडा चौपदरी करून सुई अडखळते का ते बघावे, आणि शेवटी बिलावर मोटरची व यंत्राची हमी वेगवेगळी लिहून घ्यावी, कारण दोन्हींची मुदत एकच असेल असे नाही.