दूध संस्थेचं संचालकपद की शेतकरी कंपनीचं?

गावात सध्या दोन प्रकारची माणसं दारात येतात. पहिले पॅनेलवाले: "दूध संस्थेला तुमचं नाव घालतोय, नाही म्हणू नका." दुसरे गेल्या पाच-सहा वर्षांत वाढलेले: "शेतकरी उत्पादक कंपनी काढतोय, आधार-पॅन द्या, संचालक म्हणून नाव टाकतो." दोन्हीकडे मालक शेतकरीच, आणि शेअर कितीही असले तरी सभासदाला मत एकच. त्यामुळे दोन्ही खुर्च्या सारख्याच वाटतात आणि माणूस ज्याचा आग्रह जास्त त्याला होकार देऊन टाकतो.

माझ्या मते मोठा फरक एकच आहे आणि बाकीचे त्यातूनच निघतात. दूध संस्थेत धंदा रोज आपोआप दारात येतो, संचालकाने तो बिघडू द्यायचा नसतो. कंपनीत धंदा शोधून आणावा लागतो, आणि तो सापडेपर्यंतही कागदांचं मीटर चालूच असतं.

काम काय असतं

दूध संस्थेत दिवसातून दोनदा संकलन. काट्यावर मापाडी, मशीनवर टेस्टर आणि सगळ्यावर सचिव. संचालकाने रोज तिथे जाऊन बसावं अशी अपेक्षा नसते, पण तक्रार मात्र त्याच्या घरी येते. गायीच्या दुधाचा दर साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो, म्हशीचा ६ आणि ९ धरून. फॅट एक-दोन पॉइंट इकडेतिकडे झाली की उत्पादकाचं बिल हलतं. बिल दर दहा दिवसांनी हातात पडतं, त्यामुळे मशीन चुकीचं लागलं असेल किंवा कुणाच्या सॅम्पलमध्ये हात घातला जात असेल, तर दहा दिवसांत गावभर बोभाटा होतो. संचालकाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे. चूक लपून राहत नाही.

मंडळाच्या बैठकीतले खरे विषय ठरलेले असतात: मशीनची तपासणी शेवटची कधी झाली, वासाचं दूध म्हणून संघाने (गावोगावच्या संस्थांचं दूध उचलणाऱ्या मोठ्या संस्थेने) किती परत पाठवलं आणि त्याचा तोटा कुणाच्या नावे टाकला, पशुखाद्याची उधारी किती थकली, आणि सचिव. सचिवावर तर वेगळा लेख होईल. वीस-पंचवीस वर्षं एकाच जागी बसलेला सचिव संस्थेचा कणा असतो आणि मालकही होऊन बसतो. नवा संचालक पहिलं वर्षभर त्याच्याकडूनच सगळं शिकतो, त्यामुळे त्यालाच प्रश्न विचारायची वेळ आली की जीभ जड होते.

मग दिवाळीचा दूध फरक, म्हणजे उत्पादकाला लिटरमागे वाटायची जादा रक्कम. जास्त वाटावा, हे प्रत्येक उत्पादकाला वाटतं. कायदा सांगतो की निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत गेला पाहिजे आणि लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. इमारत गळते आहे, कूलर जुना झाला आहे आणि शेजारच्या संस्थेने लिटरमागे आपल्यापेक्षा जास्त फरक वाटला आहे, अशा वर्षी "थोडं मागे ठेवू" असं म्हणणारा संचालक लोकप्रिय होत नाही.

कंपनीचं काम हंगामी. कायद्याप्रमाणे मंडळाची बैठक दर तीन महिन्यांत एक, म्हणजे वर्षात किमान चार. ऐकायला सोपं. शिवाय उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणं बंधनकारक आहे आणि तो सभासद असता कामा नये. म्हणजे कागदावर संचालकाने फक्त धोरण ठरवायचं. प्रत्यक्षात तो अधिकारी म्हणजे कृषी पदवी घेतलेला तरुण. सरकारी योजनेतून पगार येतो तोवर थांबतो, मग दुसरी नोकरी धरतो. त्यानंतर खताच्या दुकानाचा परवाना, जीएसटी, गोदामाचं भाडं, व्यापाऱ्याकडची वसुली हे सगळं दोन-तीन संचालकांच्या गळ्यात पडतं. बाकीचे फोन उचलत नाहीत.

पैशाचं गणित

इथे जरा थांबून हिशेब करा. कंपनीत ५०० सभासद आहेत आणि प्रत्येकाने २,००० रुपये भरले, असं धरू. भागभांडवल १० लाख. सोयाबीन क्विंटलला ४,५०० रुपये धरलं तर या पैशात सव्वादोनशे क्विंटलच्या आसपास माल येतो. मोठा ट्रक असेल तर एकच. तो प्रक्रिया कारखान्याला गेला आणि पैसे तीस दिवसांनी आले, तर महिनाभर कंपनी रिकामी. सभासदाला मात्र पैसे दोन दिवसांत हवे असतात, कारण बाजार समितीतला आडत्या देतो.

२०२० साली केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांची योजना आणली. तिच्यात सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत आणि कंपनीला जास्तीत जास्त १५ लाखांचं जुळवणी अनुदान (सभासदांनी भरलेल्या भांडवलाइतकंच), तीन वर्षांत व्यवस्थापनासाठी १८ लाखांपर्यंत मदत आणि २ कोटींपर्यंतच्या प्रकल्प कर्जाला पतहमी अशी तरतूद केली. आपल्या उदाहरणात याने एका ट्रकचे दोन ट्रक होतात. मदत वाईट नाही, पण चौथ्या वर्षी पगार कुठून, याचं उत्तर पहिल्याच वर्षी मंडळाकडे हवं.

बाहेरचा गुंतवणूकदार आणता येईल का? उत्पादक कंपनीचे शेअर सभासदांपलीकडे विकता येत नाहीत. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने २०२२ मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी उभे केले, ते उपकंपनीत. आपल्या तालुक्यातल्या सभेत सह्याद्रीचं नाव हमखास निघतं. निघू द्या, पण तिथे द्राक्षाची निर्यात आणि व्यावसायिक व्यवस्थापन आधी उभं राहिलं आणि भांडवल नंतर आलं, हेही कुणीतरी सांगायला हवं.

दूध संस्थेचं गणित बारीक, पण डोळ्यांसमोर असतं. रोज ५०० लिटर संकलन आणि लिटरला एक रुपया कमिशन धरलं तर महिन्याला १५,०००. त्यातच पगार, वीज, स्टेशनरी, दुरुस्ती. भांडवल मात्र फारसं अडकत नाही, कारण दूध संघ उचलतो आणि बिलही त्याच्याचकडून येतं. आयकरातही गावच्या संस्थेने संघाला घातलेल्या दुधाच्या नफ्याला पूर्ण वजावट आहे. उत्पादक कंपन्यांना १०० कोटींच्या आतल्या उलाढालीवर जी स्वतंत्र सवलत होती, ती २०२४-२५ या कर आकारणी वर्षापर्यंतच होती.

राजकारण

दूध संस्थेचं संचालकपद हे राजकीय पद आहे. नाही म्हणणाऱ्याने कोल्हापूर जिल्ह्यात आठवडाभर राहून यावं. गोकुळ या तिथल्या जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीत गावोगावच्या संस्थांचे ठरावधारक, म्हणजे संस्थेने ठराव करून नेमलेले प्रतिनिधी, मतदान करतात. २०२१ च्या निवडणुकीत ते साडेतीन हजारांवर होते आणि त्यांनी जवळपास तीन दशकांची सत्ता उलटवली. ठराव कुणाच्या नावे करायचा, हे ठरवतं गावच्या संस्थेचं मंडळ. एरवी फरकाच्या दहा पैशांवरून तास घालवणारं मंडळ त्या आठवड्यात साखरेसारखं गोड होतं, आणि ज्या संचालकाला कुणी विचारत नव्हतं त्याच्या दारात गाड्या थांबतात. हे आवडत असेल तर मजा आहे. सोसत नसेल तर अर्ज भरण्याआधीच पॅनेलप्रमुखाला तोंडावर विचारा: ठरावाच्या वेळी माझं मत माझं राहणार का?

महिलांसाठी दोन राखीव जागा, शिवाय अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी एकेक, ही सहकार कायद्याची सोय कंपनीत नाही. सहकारात ती कागदावर पक्की असली तरी बैठकीला बाईंऐवजी त्यांचे यजमान येऊन बसतात, हे काही गुपित नाही. बाईंनी स्वतः यायचं ठरवलं तर त्यांना अडवायला कायद्यात कुणालाही जागा नाही.

कंपनीत गावकी कमी. सभासद दहा-वीस गावांत पांगलेले, एकमेकांची ओळख नाही. भांडण कमी, पण माणसंही कमी. सर्वसाधारण सभेची गणपूर्ती एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश, म्हणजे ५०० पैकी १२५ शेतकरी एका दिवशी एका हॉलमध्ये आणायचे. जेवण ठेवल्याशिवाय ते जमत नाही.

अंगावर काय येतं

दूध संस्थेच्या कारभाराला मंडळ एकत्रितपणे आणि एकेकट्यानेही जबाबदार असतं. गैरव्यवहार दिसला तर "८३ ची चौकशी लागली" (म्हणजे सहकार कायद्याच्या कलम ८३ खालची) हे वाक्य प्रत्येक संचालकाला ठाऊक असतं, आणि त्यापुढची पायरी कलम ८८: झालेलं नुकसान निश्चित करून संचालकांकडून वसूल करणं. सहकार खात्याचा निबंधक संचालक मंडळ काढून प्रशासकही बसवू शकतो. यातून वाचायचा मार्ग साधा आणि अवघड आहे: विषय पटला नाही तर विरोध प्रोसिडिंगमध्ये (बैठकीच्या इतिवृत्तात) लिहून घ्यायचा, आणि घरी पाठवलेल्या कोऱ्या प्रोसिडिंगवर सही करायची नाही. चहा पीत मान डोलवणारे पुढे "मला माहीत नव्हतं" म्हणतात. चौकशी अधिकाऱ्यासमोर ते फारसं चालत नाही.

अपात्रतेचे नियमही बघून ठेवा. पशुखाद्याची किंवा म्हशीच्या कर्जाची थकबाकी असेल तर पद जातं. दोनपेक्षा जास्त अपत्यांची अटही सहकारात आहे, कंपनीत नाही. मतदानाच्या हक्कासाठी वर्षात किती दिवस, किती लिटर दूध घालावं लागतं, हे बहुतेक संस्थांच्या उपविधीत असतं. गोठा बंद केलेल्यांनी ते आधी वाचावं.

कंपनीत चौकशीपेक्षा तारखा माणसाला खातात. ताळेबंदाचा एओसी-४ आणि वार्षिक विवरणपत्राचा एमजीटी-७ वेळेत गेला नाही, तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये, कमाल मर्यादा नाही. दोन्ही फॉर्म वर्षभर राहिले तर ७३,००० रुपये. तीन वर्षं सलग विवरणपत्रं गेली नाहीत, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र, आणि तोही देशातल्या कुठल्याही कंपनीत. २०१७ मध्ये असे तीन लाखांहून अधिक संचालक एका फटक्यात अपात्र ठरले होते. धंदा झाला नाही म्हणून कागद भरले नाहीत, ही सबब तिथे चालत नाही. नुसतं नाव टाकायला आधार-पॅन मागणाऱ्याला हे माहीत असतं का, विचारून बघा. डिजिटल सही काढून त्याच्याकडेच ठेवायची असं तो म्हणत असेल, तर पुढचं बोलणं थांबवा.

शहरातल्या वाचकाला तिसरा पर्याय आठवेल: ग्राहक भांडार. १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीतून सुरू झालेलं अपना बाजार हे त्यातलं ठळक नाव. कायदा दूध संस्थेचाच, पण धंद्याची स्पर्धा मॉलशी आणि दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपशी. किरकोळ विक्रीचा अनुभव नसेल तर त्या वाटेला जाऊ नये, एवढंच म्हणतो.

मग कोणी कुठे जावं

स्वतःचं दूध संस्थेत जात असेल, गावात राहणं असेल आणि भावकीतल्या माणसाची उधारी बैठकीत काढायची तयारी असेल, तर दूध संस्था. सहकारातला कारभार शिकायला इतकी चांगली शाळा दुसरी नाही. नोकरीनिमित्त तालुक्याला राहून रविवारी येणाऱ्याने तिथे जाऊ नये. त्याच्या नावावर दुसरेच कारभार करतात.

कंपनीला होकार द्यायचा तर तीन गोष्टी हव्यात. पहिली, एकच ठरलेलं पीक आणि त्याचा ठरलेला खरेदीदार. "सगळंच करू" म्हणणाऱ्या कंपन्या मी बहुतेक बंद पडलेल्या पाहिल्या आहेत. दुसरी, योजनेचा पैसा संपल्यावरही पगार घेणारा अधिकारी. तिसरी, वर्षाचा करार केलेला सनदी लेखापाल. हिशेब समजणारा, व्यापाऱ्याशी घासाघीस करू शकणारा आणि इंग्रजी पत्राला न घाबरणारा माणूस इथे जास्त उपयोगी पडतो, भले त्याला गावात पाच मतं मिळणार नसोत.

दोन्हीकडे एकाच वेळी बसू नका. कंपनी पुढे दूध गोळा करू लागली तर तुम्ही स्वतःचेच स्पर्धक व्हाल, आणि संस्थेच्या उपविधीत त्यावर अपात्रतेचं कलम असू शकतं.

अर्ज भरण्याआधी दूध संस्थेचे मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, ऑडिट वर्ग (लेखापरीक्षकाने संस्थेला दिलेली श्रेणी), दोष दुरुस्ती अहवाल आणि थकबाकीची यादी मागा. सभासद म्हणून तुम्ही ते मागू शकता, आणि द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. कंपनीचं नाव कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकलं की शेवटचा ताळेबंद कधी भरला ते फुकट दिसतं.

उतरायची वाट आधी पाहून ठेवा, कारण इथेही फरक आहे. दूध संस्थेत राजीनामा अध्यक्षांकडे द्यायचा, पोच घ्यायची आणि तो मंजूर झाल्याचा ठराव प्रोसिडिंगमध्ये आला का ते पाहायचं. कंपनीत राजीनामा दिल्यावर कंपनीने डीआयआर-१२ (संचालक बदलल्याचा फॉर्म) भरला नाही, तर कंपनी निबंधकाच्या नोंदीत तुम्ही संचालकच राहता आणि नोटिसा तुमच्याच पत्त्यावर येतात. म्हणून स्वतः डीआयआर-११ (राजीनामा कळवायचा संचालकाचा फॉर्म) भरावा आणि पावती जपून ठेवावी. पदावर असतानाच्या निर्णयांची जबाबदारी दोन्हीकडे राजीनाम्यानंतरही संपत नाही.