एमिट स्मिथ की बॅरी सँडर्स: आधी कोणाच्या मॅच बघाव्यात?

अमेरिकन फुटबॉल नव्यानं बघायला लागलेल्या माणसाला कुणीतरी बॅरी सँडर्सची क्लिप पाठवतंच. पाच फूट आठ इंचांचा एक माणूस आपल्याहून कितीतरी थोराड गड्यांना अशी काही बगल देतो की ते हवेलाच मिठी मारतात. बघणारा वेडा होतो आणि ठरवतो, आता याच्या अख्ख्या मॅच बघायच्या. माझा सल्ला उलटा आहे: आधी एमिट स्मिथ बघा. सँडर्स डेट्रॉइट लायन्सचा, त्यामुळे डेट्रॉइटच्या उपनगरात राहून हे लिहिणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबड्या रश्श्याला नावं ठेवण्यासारखं आहे, पण असो.

दोघंही रनिंग बॅक. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, हा खेळाचा पाया. क्वार्टरबॅक बॉल हातात देतो, समोर पाच धिप्पाड लाइनमन विरोधी भिंतीला भगदाड पाडतात, आणि ते बुजायच्या आत रनिंग बॅकनं त्यातून निसटायचं. कबड्डीतली चढाई डोळ्यांपुढे आणा, फक्त इथे चढाई करणाऱ्याबरोबर वाट मोकळी करणारी त्याची माणसंही घुसतात.

ही वाट कशी मोकळी होते ते एमिटच्या मॅचमध्ये दिसतं. 1990 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, डॅलस काउबॉइजनी त्याला घेतलं ते सतराव्या क्रमांकावर. त्याआधी बऱ्याच संघांना तो बुटका आणि हळू वाटला होता. तो खरोखरच फार वेगवान नव्हता. बॉल घेतला की तो क्षणभर थांबल्यासारखा करायचा, पुढे फुलबॅक, म्हणजे त्याच्यासाठी वाट करणारा गडी, डॅरिल जॉन्स्टन कुणाला तरी धडकायचा, आणि त्याच्या खांद्याजवळून हा निघायचा. चार यार्ड. परत चार. परत तीन. पहिला अर्धा तास कंटाळा येईल. मग लक्षात येतं की विरोधी संघ दमलाय आणि हा दमलेला नाही.

एकच मॅच बघायची तर 2 जानेवारी 1994 ची, न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धची. पूर्वार्ध संपताना एका लांब धावेनंतर एमिट उजव्या खांद्यावर आपटला आणि खांदा निखळला. पुढची सगळी मॅच तो तशीच खेळला. दर टॅकलनंतर एक हात अंगाशी धरून उठायचा, आणि पुढच्या चालीला पुन्हा बॉल त्याच्याकडेच. एकूण 32 धावांत 168 यार्ड, शिवाय 10 झेल. जादा वेळेत डॅलस 16-13 नं जिंकलं. चार आठवड्यांनी सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, सर्वोत्तम खेळाडूही तोच.

'असली लाइन मिळाली असती तर कुणीही धावला असता' हे तुम्हाला प्रत्येक जण ऐकवेल. इथे आमच्याकडे तर चहापेक्षा आधी ऐकवतात. त्याला उत्तर त्याच, जानेवारी 1994 मध्ये संपलेल्या, 1993 च्या मोसमात आहे. कराराच्या पैशांवरून एमिट पहिल्या दोन मॅच घरी बसला. लाइन तीच, क्वार्टरबॅक ट्रॉय एकमनच, आणि डॅलस दोन्ही हरलं. तो परतला आणि संघ थेट सुपर बोल जिंकला. तीन सुपर बोल, 15 मोसम आणि 18,355 यार्ड हा त्याचा एकूण हिशेब. हा यार्डांचा विक्रम अजून मोडलेला नाही. शेवटची दोन वर्षं ॲरिझोनाकडून खेळला, ती सोडलीत तरी चालेल.

आता सँडर्स. दर धावेमागे सरासरी 5 यार्ड, एमिटची 4.2. आकड्यांवरून निकाल सरळ लागतो, पण अख्खी मॅच बघायला बसा. उणे दोन, एक, शून्य, उणे तीन, आणि मग अचानक साठ. वाट मिळाली नाही की तो मागे पळून दुसरी शोधायचा. कधी सापडायची, कधी नाही. 1994 च्या मोसमात ग्रीन बेविरुद्धच्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेरीत) त्याच्या 13 धावांची बेरीज उणे 1 यार्ड होती. नवख्यानं हीच मॅच आधी बघितली, तर हा माणूस थोर का, तेच कळणार नाही. आणि नुसत्या क्लिपा बघितल्या तर खेळ कळणार नाही.

त्याचा 1997 चा मोसम मात्र क्रमानं बघण्यासारखा आहे. पहिल्या दोन मॅच मिळून 53 यार्ड. पुढच्या चौदाच्या चौदा मॅचमध्ये शंभराच्या वर, मोसमाअखेर 2,053. टचडाउन केल्यावर, म्हणजे बॉल मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, नेल्यावर नाच नाही, आरडाओरडा नाही, बॉल गुपचूप पंचाच्या हातात. पहिल्याच वर्षी सर्वाधिक यार्डांचा मान दहा यार्डांवर आला असताना तो शेवटच्या मॅचमध्ये परत मैदानात उतरला नाही. दहा वर्षांनी, 1999 मध्ये, वॉल्टर पेटनच्या कारकिर्दीतल्या एकूण यार्डांच्या तेव्हाच्या विक्रमाला 1,457 यार्ड कमी असताना त्यानं आपल्या गावच्या, विचिटाच्या, पेपरला फॅक्स करून निवृत्ती कळवली. आदल्या वर्षी तो 1,491 यार्ड धावला होता. म्हणजे तसंच आणखी एक वर्ष पुरलं असतं. आमचे शेजारी आजोबा अजूनही त्या फॅक्स मशीनला शिव्या घालतात.

तेव्हा आधी एमिटची जायंट्सविरुद्धची मॅच, मग सँडर्सचा 1997 चा मोसम, आणि शेवटी दोघं समोरासमोर: 5 जानेवारी 1992, पाँटिॲकचं सिल्व्हरडोम, प्लेऑफ. सँडर्सच्या दहा वर्षांत डेट्रॉइटनं जिंकलेली प्लेऑफची ही एकमेव मॅच. पुढची जिंकायला जानेवारी 2024 उजाडला. गंमत म्हणजे त्या दिवशी खरं काम डेट्रॉइटचा क्वार्टरबॅक एरिक क्रेमरच्या पासनी केलं. स्कोअर 31-6 असताना सँडर्सला बॉल मिळाला, तो घोळक्यात अडकला, संपलं असं वाटलं, आणि 47 यार्डांवर एंड झोनमध्ये पंचाला बॉल देताना दिसला. मॅचला त्या धावेची काडीची गरज नव्हती. आजोबा मात्र तेवढीच सांगतात.