जंगलावरचा पेपर: डेहराडूनला, एल्सेव्हियरला की बासेलला?

राधानगरीच्या जंगलात किंवा शाहूवाडीकडच्या देवरायांत प्लॉट टाकून झाले, झाडांचे घेर मोजून झाले, एक्सेलच्या फायली भरल्या. आता पेपर पाठवायचा कुठे? बहुतेक जण आधी पेपर लिहून मोकळे होतात आणि मग जर्नल शोधायला बसतात. मी उलटं सांगेन. जर्नल बदललं की नुसती संदर्भ लिहायची पद्धत बदलत नाही, पेपर ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो प्रश्नच बदलतो. म्हणून ठिकाण आधी ठरवा, प्रस्तावना नंतर लिहा.

वनशास्त्रासाठी आपल्याकडून सहसा तीन नावं पुढे येतात. डेहराडूनचं 'इंडियन फॉरेस्टर', १८७५ पासून निघणारं. एल्सेव्हियर या आंतरराष्ट्रीय प्रकाशनसंस्थेचं 'फॉरेस्ट इकॉलॉजी अँड मॅनेजमेंट'. आणि स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या एमडीपीआय या प्रकाशकाचं 'फॉरेस्ट्स', जे सगळंच्या सगळं ओपन ॲक्सेस आहे, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येतं.

'इंडियन फॉरेस्टर'चा वाचक म्हणजे वनाधिकारी, वनसंशोधन संस्थांतले शास्त्रज्ञ, वनशास्त्राचे प्राध्यापक. त्याला चॅम्पियन आणि सेठ यांचं १९६८ चं वनप्रकारांचं वर्गीकरण पाठ असतं. '२ए/सी२' असं लिहिलं तरी पश्चिम किनाऱ्याचं निमसदाहरित जंगल त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहतं. एल्सेव्हियरचा समीक्षक, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणारा तज्ज्ञ, फिनलंडचा असेल नाहीतर ब्राझीलचा. त्याला हा संकेत कळणार नाही. तिथे पाऊस किती, कोरडे महिने किती, जांभ्याचं पठार म्हणजे काय, अंजनी-जांभळाचं जंगल कसं दिसतं, हे सगळं मांडावं लागतं. आणखी एक बारीक गोष्ट: आपल्याकडे वनखात्याच्या पद्धतीने झाडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर मोजतात, बाहेर बहुतेक ठिकाणी १.३ मीटरवर. डेहराडूनला यावर कोणी काही विचारणार नाही. बाहेर पाठवताना उंची स्पष्ट लिहा आणि परदेशी आकड्यांशी तुलना करताना हा फरक ध्यानात ठेवा.

खरी कसोटी मात्र नमुन्यांची आहे, आणि आपले बहुतेक पेपर इथेच मार खातात. एका देवराईत दहा क्वाड्रॅट (मोजणीसाठी आखलेले चौकोन) टाकले म्हणजे दहा देवराया होत नाहीत. 'देवराईत राखीव जंगलापेक्षा जास्त प्रजाती आहेत' असं म्हणायचं असेल, तर देवराया अनेक हव्यात, त्यांच्याशी जोडता येतील अशा राखीव जंगलाच्या जागाही अनेक हव्यात, आणि आकडेमोडीत देवराई हेच एकक धरायला हवं. एकाच देवराईचे क्वाड्रॅट सुटे धरून 'पी'ची किंमत (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) काढली, तर चांगला समीक्षक पहिल्याच वाचनात बोट ठेवतो. 'फॉरेस्ट इकॉलॉजी अँड मॅनेजमेंट'चे संपादक असा पेपर समीक्षेला न पाठवताच परत करू शकतात. शिवाय 'या तालुक्यात अभ्यास झालेला नाही' हे कारण तिथे चालत नाही. निष्कर्षाचा उपयोग दुसऱ्या देशातलं जंगल सांभाळणाऱ्यालाही व्हावा लागतो. डेहराडूनला मात्र एका जागेचं नीट केलेलं वर्णन, म्हणजे घनता, पायथ्याचं क्षेत्रफळ (खोडांनी व्यापलेली जागा), महत्त्वमूल्य निर्देशांक (एखादी प्रजाती त्या जंगलात किती वरचढ आहे त्याचा आकडा), रोपांची स्थिती, हे आजही कामाचं मानलं जातं. त्यात कमीपणा काही नाही. उद्या पन्नास वर्षांनी त्या जंगलाशी तुलना करायची असेल, तर हेच वर्णन शोधलं जाईल.

पैशांचं सरळ आहे. एल्सेव्हियरकडे वर्गणीच्या वाटेने, म्हणजे वाचणाऱ्याने पैसे भरायचे अशा पद्धतीने, छापलं तर लेखकाला खर्च नाही. पेपर सर्वांना खुला हवा असेल तरच शुल्क. 'फॉरेस्ट्स'चं शुल्क अडीच हजार स्विस फ्रँकच्या वर, म्हणजे आपल्या अडीच लाख रुपयांच्या पुढे जातं. प्रकल्पात ही रक्कम आधीच धरली असेल तर विचार करा, फेलोशिपमधून देऊ नका. तिथे निर्णय झटपट मिळतो हे खरं. पण दुरुस्तीलाही जेमतेम आठ-दहा दिवस मिळतात, आणि पुन्हा प्लॉटवर जावं लागलं तर पावसाळ्यात गगनबावड्याच्या बाजूला तेवढ्यात काय होणार? मुदतवाढ मात्र मागता येते. फिनलंडच्या जर्नल्सच्या मूल्यमापन व्यवस्थेने २०२५ पासून याच प्रकाशकाची दीडशेहून जास्त जर्नल्स सर्वांत खालच्या श्रेणीत टाकली आहेत. पुढे युरोपात पोस्टडॉकला जायचं असेल तर हेही पाहून ठेवा. डेहराडूनच्या वर्गणीचे आणि छपाईचे नियम पाठवायच्या दिवशीच संकेतस्थळावर वाचा, सीनियरने सांगितलेल्या जुन्या आकड्यावर विसंबू नका.

'केअर यादीत आहे का?' हा प्रश्न अजून स्टाफरूममध्ये ऐकू येतो. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मान्य जर्नल्सची ती यादी २०२५ मध्ये बंद केली. पीएचडीसाठी पेपर छापलाच पाहिजे ही सक्तीही २०२२ च्या नियमांत उरली नाही. आपल्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तेवढं विचारून घ्या.

पेपर वाचायला कोणाला मिळेल? 'एक देश, एक वर्गणी' योजनेमुळे २०२५ पासून सरकारी विद्यापीठांत एल्सेव्हियरची जर्नल्स उघडतात. पण राधानगरीच्या वनक्षेत्रपालाचं कार्यालय त्या योजनेत नाही. ज्या जंगलाबद्दल लिहिलं, त्या जंगलाच्या माणसापर्यंत पेपर पोहोचवायचा असेल, तर एल्सेव्हियरकडे छापल्यावर स्वीकृत प्रत स्वतः नेऊन द्या, सोबत दोन पानांचा मराठी गोषवारा जोडा.

तिन्ही ठिकाणी सारखंच लागतं ते असं: अभयारण्यात काम केलं असेल तर वनखात्याच्या परवानगीचा पत्रक्रमांक, ओळख पटवलेल्या नमुन्यांचे हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) क्रमांक (शिवाजी विद्यापीठाच्या हर्बेरियमचा संकेत 'एसयूके'), आणि वनस्पतींची आजची मान्य नावं. नरक्या हे औषधी झाड जुन्या पेपरांत 'मॅपिया फोटिडा' म्हणून सापडतं, आज ते 'नोथापोडायटिस निम्मोनियाना' आहे. याच नरक्यामुळे आणखी एक अडचण येते. परदेशी जर्नल्स मूळ आकडेवारी खुल्या भांडारात ठेवा म्हणतात. कॅम्पटोथेसिन या कर्करोगावरच्या औषधांत लागणाऱ्या द्रव्यासाठी ज्या झाडाची चोरटी तोड होते, त्याचे अक्षांश-रेखांश चार दशांशांपर्यंत जगापुढे ठेवायचे का? मुळीच नाही. एका दशांशापर्यंत आणा, म्हणजे जागा साधारण अकरा किलोमीटरच्या आत कुठेतरी एवढंच कळेल, आणि असं का केलं ते संपादकांना पत्रात लिहा. संकटग्रस्त प्रजातींसाठी ही सवलत सहसा मिळते.

माझा कल विचाराल तर: एक-दोन जागा आणि एका हंगामाचं काम असेल तर डेहराडून, डोळे झाकून. आठ-दहा जागा, तुलना आणि व्यवस्थापनाशी जोडलेला प्रश्न असेल तर एल्सेव्हियर, नकाराची तयारी ठेवून. बासेल फक्त प्रकल्पाचा पैसा आणि प्रकल्पाची मुदत दोन्ही समोर असतील तेव्हा. आणि एका वेळी एकाच ठिकाणी. दोन्हीकडे पाठवून जे आधी होईल ते, असं करणं नियमात बसत नाही.

एल्सेव्हियरने नकार दिला तर त्याच पत्रात बरेचदा 'आमच्याच दुसऱ्या जर्नलकडे वळवू का?' असा पर्याय येतो. 'ट्रीज, फॉरेस्ट्स अँड पीपल' हे त्यांचं पूर्ण ओपन ॲक्सेस जर्नल, म्हणजे तिथे शुल्काचा प्रश्न येतो. होकाराचं बटण दाबण्याआधी त्या जर्नलचं शुल्काचं पान उघडा, आणि सहलेखकांना फोन करा.