सिंगल कॉइल की हंबकर? पंकमधून पार्श्वसंगीताकडे वळणाऱ्या गिटारवाल्यांसाठी

बँडमध्ये पंक वाजवणारी गिटारच सिनेमाच्या पार्श्वसंगीताला चालेल का, असं गावात राहून हे काम करू पाहणारी मुलं विचारतात. गिटार चालेल, प्रश्न पिकअपचा आहे, म्हणजे तारांचं कंपन टिपून त्याचा विजेचा संकेत करणाऱ्या चुंबक-कॉइलचा. एका कॉइलचा तो सिंगल कॉइल, दोन कॉइलचा तो हंबकर. मी दोन्हींवर वाजवलंय, आणि शॉर्ट फिल्म, माहितीपटांचं काम देवळी तालुक्यातल्या घरातूनच करतो. शहरातल्या स्टुडिओत हिशेब वेगळा लागू शकेल.

पंकपुरतं म्हणाल तर दोन्ही घराणी पहिल्यापासून नांदताहेत. द क्लॅशच्या जो स्ट्रमरकडे सिंगल कॉइलची टेलिकास्टर, सेक्स पिस्टल्सच्या स्टीव्ह जोन्सकडे हंबकरची लेस पॉल. डिस्टॉर्शन चढवून डाउनस्ट्रोक सुरू झाले की सिंगल कॉइल आसपासच्या विजेतून पकडतो ती गूं कोणाच्या कानावर येते?

पार्श्वसंगीतात मात्र मोकळी जागाच जास्त. नील यंगने १९९५च्या ‘डेड मॅन’साठी चित्र बघत बघत बहुतेक एकट्या गिटारवर वाजवलं, ते ऐका म्हणजे कळेल. एक स्वर सोडायचा आणि संवादाखाली विरू द्यायचा. विरणारं टोक ऐकू यावं म्हणून कॉम्प्रेसर लावला की त्याच्याबरोबर ५० हर्ट्झची गूंसुद्धा वर येते. बारीक आवाज बंद करणारा नॉइज गेट लावा, तर स्वराचं टोक कचकन तुटतं. गूंमध्ये तिची दुप्पट, १०० हर्ट्झसुद्धा असते; फिल्टरने ती कापा, तर जाड ई तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी, जो ९८ हर्ट्झचा, पोकळ होऊन बसतो. आणि मंद प्रसंगात तोच जी मला सारखा लागतो.

तारांना हात लावल्यावर थांबते ती भणभण वेगळी. तिला शील्डिंग (गिटारच्या आत धातूचं अस्तर) आणि अर्थिंगचा इलाज आहे. उन्हाळ्यात आमची काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घालत राहिलं की बराच फरक पडतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला तरी पडतो.

पण गूं चुंबकीय असते, तिला अर्थिंगचं काही सोयरसुतक नाही. ती फक्त दिशेला बधते. सिंगल कॉइल घेऊन खुर्चीत हळूहळू फिरा, एका कोनात ती जवळजवळ नाहीशी होते. माझ्या खोलीत तो कोन नेमका स्क्रीनकडे पाठ करून बसलं की मिळायचा! बँडमध्ये कुठेही तोंड करून वाजवता येतं. इथे स्क्रीनवर वेचणीवाली बाई धुऱ्यावर बसून शिदोरीची गाठ सोडते, ती सुटताना बघूनच मला तार सोडायची असते. मग टेबल फिरवलं, स्क्रीन हलवली. रात्री शेतीची लाइन आली, आजूबाजूच्या मोटरी सुरू झाल्या, की शांत कोन पुन्हा सरकायचा. लाइन गेली की सगळं स्वच्छ, पण दिग्दर्शकाला लाइन जाण्याची वेळ कशी सांगणार? माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

हंबकरमध्ये उलट गुंडाळलेल्या दोन कॉइल एकमेकींची गूं खोडतात. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. स्वर जरा गोल होतो, हे मान्य. सिंगल कॉइलचा कोरडा, टोकदार आवाज वैशाखातल्या रिकाम्या वावराला जितका शोभतो तितका हंबकरचा शोभत नाही, असं मला आजही वाटतं. पण टोन नॉब पूर्ण उघडून, पुलाच्या (ब्रिजच्या) जवळ नखाने छेडलं तर पुष्कळ जवळ जाता येतं. गूं काढून टाकायला मात्र असली कुठलीच युक्ती हाती नाही.

तीन सिंगल कॉइलची स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) असेल तर आधी बघा, मधला पिकअप उलट गुंडाळलेला आहे का. असला तर दोन पिकअप एकत्र लागतात त्या जागांवर गूं कटते, आणि सुरुवातीला तेवढ्यावर भागेल. नसेल तर नवी गिटार घेण्याआधी फक्त मानेजवळचा पिकअप बदलून पाहा. सिंगल कॉइलच्याच खाचेत बसणारे हंबकर मिळतात, लाकूड कोरावं लागत नाही. पुलाजवळचा सिंगल कॉइल तसाच राहू द्या, बँडला तो लागेलच.