‘लेस पॉल, ८५ हजार, अर्जंट’: फसवणूक नेमकी कुठे लपलेली असते

वापरलेल्या इलेक्ट्रिक गिटारीची ऑनलाइन जाहिरात साधारण अशी असते: ‘गिब्सन लेस पॉल स्टँडर्ड २०१२, चेरी सनबर्स्ट, एकदम मिंट, हार्ड केससकट ८५,०००. परदेशी जातोय, म्हणून अर्जंट. टाइमपासवाल्यांनी मेसेज करू नये.’

लेस पॉल ही अमेरिकेच्या गिब्सन कंपनीची नावाजलेली इलेक्ट्रिक गिटार. नवी लेस पॉल स्टँडर्ड आपल्याकडे कस्टम ड्यूटी आणि जीएसटी धरून अडीच लाखांच्या पुढे जाते. वापरलेली, पण धड असलेली, सहसा दीड लाखाच्या खाली उतरत नाही. म्हणजे ८५ हजार हा आकडा सहज सुचलेला नाही, तो विचार करून बेतलेला आहे. पंचवीस हजार लिहिले असते तर शेंबडं पोरही शंका घेईल. ८५ हजारांत मात्र ‘बिचाऱ्याला निकड आहे, आपल्याला सुटतंय स्वस्तात’ असं स्वतःची समजूत घालायला भरपूर जागा राहते.

पुढचा साचाही ठरलेला. बिल हरवलेलं असतं, किंवा गिटार ‘अमेरिकेतल्या मावसभावाने आणलेली’ असते. घरी बोलावत नाहीत. भेट संध्याकाळी, मॉलच्या पार्किंगमध्ये किंवा एखाद्या कॅफेबाहेर. अँप (गिटारीचा ॲम्प्लिफायर) नसतो. ‘दादा, अजून दोघं जण मागे लागलेत, तुम्ही आधी फोन केलात म्हणून थांबलो.’ घेणारा केस उघडतो, वजन भरभक्कम लागतं, हेडस्टॉकवरचा, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकावरचा, लोगो चमकतो. मागे खोलवर ठसा मारलेला नऊ आकडी सीरियल नंबर. तो मोबाइलवर टाकून बघितला की वर्ष बरोबर निघतं. यूपीआयने पैसे जातात. पंधरवड्याने ‘ट्यूनिंग टिकत नाही’ म्हणून गिटार दुरुस्तीच्या बाकावर येते आणि ट्रस रॉडचं (नेकच्या, म्हणजे गिटारीच्या दांड्याच्या, आतल्या सळईचं) कव्हर उघडल्यावर दोन मिनिटांत निकाल लागतो. ती गिब्सन नसते. चीनमधून वीस-पंचवीस हजारांत येणारी नक्कल असते, जिला वाजवणाऱ्या मंडळींत ‘चिबसन’ म्हणतात.

यात घेणाऱ्याने जे जे तपासलं ते सगळं नक्कल करणाऱ्यालाही ठाऊक असतं. लोगो, सही, नंबर, वजन, केस यांवर त्याची सगळी मेहनत खर्च झालेली असते. जिथे स्क्रू काढल्याशिवाय नजर पोचत नाही, तिथे तो पैसे वाचवतो. म्हणून सोबत एक बारीक स्टार स्क्रूड्रायव्हर हवाच.

नंबरापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यांत जास्त विश्वास त्याच्यावर टाकला जातो. १९७७ पासून गिब्सनच्या अमेरिकी कारखान्यांतल्या नेहमीच्या गिटारींवर आठ आकडे असत. पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष, मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. २००५ पासून त्यात एक आकडा वाढून नऊ झाले. म्हणजे २०१२ ची गिटार १ ने सुरू होईल, पाचव्या जागी २ असेल, आणि मध्ये १२६ असेल तर ती त्या वर्षाच्या १२६ व्या दिवशी, ५ मे रोजी ठशाखाली आली. मधला आकडा ३६६ च्या वर गेला तर गोष्ट तिथेच संपली. २०१४ पासून काही वर्षं पद्धत वेगळी होती, तेव्हा पहिले दोन आकडेच वर्ष सांगत, हेही लक्षात ठेवावं. पण नंबर बरोबर बसला म्हणून काहीच सिद्ध होत नाही. नंबर वाचून दाखवणारी साइट फक्त साचा तपासते, गिटार नाही. नकली कारखाने खऱ्या गिटारीचा नंबर उचलून तोच शेकडो हेडस्टॉकवर मारतात. तो नंबर जसाच्या तसा शोधून बघा. कधीकधी तोच आकडा भलत्याच रंगाच्या, भलत्याच देशातल्या गिटारीवर सापडतो.

आता स्क्रूड्रायव्हर. हेडस्टॉकवर नटच्या, म्हणजे तारा ज्या पट्टीवरून नेकवर येतात तिच्या, लगत घंटेच्या आकाराचं काळं कव्हर असतं. गिब्सनवर ते दोन स्क्रूंनी बसतं. तीन स्क्रू दिसले तर गिटार हातातून खाली ठेवायला हरकत नाही. कव्हर काढल्यावर आत ट्रस रॉड आवळायचा पितळी षट्कोनी नट दिसायला हवा, ज्याला बाहेरून ५/१६ इंची पाना बसतो. तिथे ॲलन कीचं भोक असेल तर ती गिब्सन नव्हे.

मग हेडस्टॉकच्या मागच्या बाजूला बॅटरीच्या उजेडात बघा. नकलेत हेडस्टॉक वेगळ्या तुकड्याचा करून तिरक्या सांध्याने चिकटवलेला असतो आणि नेकच्या मागे एक तिरकी रेघ दिसते. गिब्सनचा नेक आणि हेडस्टॉक एकाच लांबीच्या लाकडातून येतो, बाजूला जोडलेले कान तेवढे वेगळे. गर्द रंग मारला की ही रेघ झाकली जाते. त्यामुळे चेरी किंवा काळ्या गिटारीवर ती दिसली नाही म्हणून हायसं वाटून घेऊ नये.

ब्रिजचे, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाचे, दोन खांब बघा. माथ्यावर मोठी चपटी खाच असलेले जाडजूड खांब हे नकलांचं नेहमीचं लक्षण. फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या) टोकांचं मात्र जपून. पूर्वी गिब्सन बाइंडिंगचा (कडेच्या प्लॅस्टिकच्या पट्टीचा) इवलासा उंचवटा प्रत्येक फ्रेटच्या टोकावर ठेवत असे. नकलेत फ्रेट सरळ बाइंडिंगवरून गेलेला असतो. पण २०१४ पासून गिब्सनने नेहमीच्या मॉडेल्सवर हे उंचवटे सोडून दिले. तेव्हा जाहिरातीतल्या ‘२०१२’ वर ते नसणं संशयास्पद, २०१६ च्या गिटारीवर नव्हे. कटअवेच्या, म्हणजे नेकलगत बॉडीला दिलेल्या खोलगट कापाच्या, आतल्या कडेलाही एक खूण असते. खऱ्या गिटारीत बाइंडिंगची रुंदी तिथेही तेवढीच राहते, त्यामुळे तिच्याखाली मेपलची फिकट पट्टी डोकावते. नकलेत सांधा लपवायला बाइंडिंग तिथे रुंद केलेलं असतं. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही खऱ्या गिटारींवरही रुंद बाइंडिंग आहे, म्हणून एकाच खुणेवर कुणाला चोर ठरवू नये. तीन-चार खुणा एका दिशेला गेल्या की विचार करायचं काम उरत नाही.

मागचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं की पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या गुंड्यांखालचे पोटेन्शिओमीटर) दिसतात. हंबकर, म्हणजे तारांची कंपनं टिपणारे दुहेरी कॉइलचे पिकअप, असलेल्या गिटारीत ते बहुधा ५०० किलोओहमचे, साधारण २४ मिलिमीटर व्यासाचे. नकलेत १६ मिलिमीटरचे चिमुकले असतात. सीटीएस कंपनीच्या पॉटवर १३७ ने सुरू होणारा आकडा ठोकलेला असतो आणि त्यापुढे वर्ष व आठवडा. २०१२ च्या गिटारीत त्यानंतरच्या वर्षाचा पॉट निघाला तर निदान वायरिंग तरी बदललंय, आणि का बदललं हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. इथे अर्धवट माहितीवाले एक चूक हमखास करतात: वायरींऐवजी सर्किट बोर्ड दिसला की ‘नकली’ म्हणून ओरडतात. २००८ नंतरच्या बऱ्याच वर्षांत गिब्सनने खुद्द स्टँडर्डमध्ये सर्किट बोर्ड वापरले आहेत.

विकणारा परवानगी देत असेल तर नेककडचा पिकअप चार स्क्रू काढून उचला. खड्ड्याच्या कडेला लाकडाचे थर दिसतात: वर फिकट मेपल, खाली लालसर महॉगनी. मेपलचा थर मधोमध चांगला बोटाएवढा जाड असतो. नकलेत तिथे कागदासारखा पापुद्रा असतो, आणि वरून दिसणारे वाघाचे पट्टे कधीकधी निव्वळ छापील असतात. पिकअपच्या पोटावर जुन्या पिकअपवर असायचा तसा ‘पेटंट अप्लाइड फॉर’चा स्टिकर बघून हुरळून जाऊ नका. स्टिकर छापायला काय लागतं?

फेंडर या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या गिटारींत चाल वेगळी असते, आणि आपल्याकडे तीच जास्त चालते. स्क्वायर ही फेंडरचीच, १९८२ पासूनची स्वस्त मालिका. तिच्या हेडस्टॉकवरचं नाव घासून काढायचं, वर ‘फेंडर’चं ट्रान्सफर चिकटवून लॅकर मारायचं, की वीस हजारांची गिटार पन्नास हजारांना जाते. नखाने हलकेच चाचपलं तर ट्रान्सफरची कड लागते, किंवा त्या भागाची चकाकी बाकीच्या हेडस्टॉकशी जुळत नाही. व्हर्नियर असेल तर बॉडीची जाडी मोजा. फेंडरची स्ट्रॅटोकॅस्टर (‘स्ट्रॅट’) साधारण ४५ मिलिमीटर असते, स्क्वायरची अफिनिटी त्याहून चार-पाच मिलिमीटर बारीक. मागची स्प्रिंगांची झडप उघडून ट्रेमोलोचा (सूर हलवणाऱ्या दांड्याच्या यंत्रणेचा) ठोकळा बघा, अगदी पातळ असेल तर तो स्वस्त मालिकेचा. नेक चार स्क्रूंवर असतो, त्यामुळे खरा नेक आणि कुठलीतरी बॉडी अशी खिचडीही बाजारात भरपूर आहे. ती वाजते छान, पण तिची किंमत सुट्या भागांची.

‘गिब्सन’ शोधताना ‘गिव्हसन’ही समोर येते. ती आपल्याकडची अनेक वर्षांची ओळखीची कंपनी, तिचा यात दोष नाही. दोष फोटोत हेडस्टॉक मुद्दाम अर्धा कापणाऱ्याचा.

गिटार खरी निघाली म्हणजे सुटलो, असंही नाही. लेस पॉलचा हेडस्टॉक मागे सुमारे १७ अंशांत झुकलेला असतो आणि ट्रस रॉडसाठी तिथेच लाकूड पोखरलेलं. स्टँडवरून पडली की नटच्या मागेच चीर जाते. जोड चांगला असेल तर गिटार वर्षानुवर्षं वाजते, पण किंमत निम्म्याच्या आसपास येते, आणि ‘मिंट’, म्हणजे नव्यासारखी, लिहिणारा नेमकं हेच गिळतो. नटच्या मागून अंगठा फिरवा, पॉलिशमध्ये केसाएवढी रेघ शोधा. शंभर-दोनशे रुपयांची यूव्ही टॉर्च इथे फार उपयोगी पडते. जुनं नायट्रोसेल्युलोज पॉलिश तिच्या उजेडात हिरवट-पिवळं चमकतं आणि नंतर मारलेला हात गडद डागासारखा उठून दिसतो.

घासलेले फ्रेट लपवायची युक्ती सोपी: ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वर करून ठेवायची. लेस पॉलवर बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेखाली साधारण २ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली १.२ मिलिमीटर पुरतात. तिथे ३ मिलिमीटर दिसले तर ब्रिजच्या चकत्या फिरवून तारा खाली आणा आणि प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार वाजवा. झणझण सुरू झाली की खरी गोष्ट कळते. नव्या फ्रेटची उंची एक मिलिमीटरच्या थोडी वर असते. ती ०.६ वर आली असेल तर घासून समतल करायला धातूच उरलेला नाही, नवे फ्रेट बसवावे लागतील. नेकसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून शेवटचा फ्रेट दाबा. सातव्या-आठव्यापाशी पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ती वाढते, हिवाळ्यात कमी होते. तेवढं ट्रस रॉडने निघतं. पिळलेला नेक निघत नाही. ब्रिजच्या टोकाकडून एक डोळा मिटून बघा, दोन्ही कडा समांतर दिसल्या पाहिजेत.

पिकअप तपासायला अँप नसेल तरी मल्टिमीटर चालतो. केबल गिटारीत घाला, व्हॉल्यूम पूर्ण वाढवा आणि दुसऱ्या टोकाच्या जॅकवर रोध मोजा. हंबकर साधारण ७ ते ९ किलोओहम दाखवतो, स्ट्रॅटचा सिंगल कॉइल साडेपाच ते सात. आकडा थेट अडीचशे किंवा पाचशे किलोओहमच्या आसपास गेला तर तुम्ही पिकअप नव्हे, नुसता पॉट मोजताय: कॉइल तुटलेली आहे किंवा वायर सुटलेली आहे.

गिटार बघितल्याशिवाय ‘टोकन’ द्यायचं नाही. लष्करात बदली झालीय, कुरिअरने पाठवतो, आधी अर्धे पाठवा, असं सांगणाऱ्याकडे बहुधा गिटारच नसते, दुसऱ्याच्या जाहिरातीतले फोटो असतात. आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी तारांत अडकवून व्हिडिओ मागा. टाळाटाळ झाली की नंबर ब्लॉक करा. तुम्ही विकणारे असाल तर उलटं: पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. कुणी सांगत असेल तर तो तुमच्याच खात्यातून पैसे काढतोय.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन करा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून ‘उद्या बघू’ नको. बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, संपूर्ण चॅट हाताशी ठेवा. रागाच्या भरात चॅट पुसू नका. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, ऑनलाइन तोतयेगिरी असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड. पैसे रोख आणि पावती नाही, असं झालं असेल तर प्रकरण अवघड जातं. म्हणून आधीच साध्या कागदावर ‘गिब्सन लेस पॉल, अमुक नंबर, अस्सल असल्याचं सांगून विकली’ असं लिहून सही घ्या. नकली विकणारा बहुतेक वेळा त्या कागदावरच अडखळतो.

हाती नक्कल आलीच तर ती ‘गिब्सन’ म्हणून पुढच्याच्या गळ्यात मारू नका. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम १०४ मध्ये खोट्या चिन्हाचा माल विकण्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. वाजवायला ठेवायची असेल तर हाडाचा नट, धड ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) आणि फ्रेट समतल करणं एवढ्यावर खर्च करा. त्यावर महागडे पिकअप चढवण्यात अर्थ नाही, आणि ब्रिजच चुकीच्या जागी बसवलेला असेल तर तेवढाही नाही. हे आधी मोजून घ्या: लेस पॉलची लांबी पावणेपंचवीस इंच, म्हणजे नटपासून बारावा फ्रेट ३१४ मिलिमीटरवर येतो, आणि तिथून ब्रिजच्या सॅडलपर्यंत (ज्या तुकड्यावर तार टेकते तिथपर्यंत) तेवढंच, वर एक-दोन मिलिमीटर. सॅडल मागे सरकवून टोकाला टेकले तरी बारावा फ्रेट चढाच लागत असेल, तर खांबांची भोकं बुजवून नवी पाडावी लागतात. चिबसनवर एवढी मजुरी कुठलाही प्रामाणिक लुथियर (गिटार घडवणारा-दुरुस्त करणारा कारागीर) तुम्हाला सुचवणार नाही.